शाळेपलीकडच्या सावित्रीमाई : मुले सांभाळणाऱ्यांनी वाचावे असे एक चरित्र

दरवर्षी ३ जानेवारीला आपल्या वस्त्यांत, विहारांत आणि शाळांत सावित्रीमाई फुले यांची जयंती साजरी होते. भाषणात भिडेवाडा येतो, अंगावर फेकलेले शेण येते, पिशवीतली दुसरी साडी येते. हे यायलाच हवे. पण १८६३ पासून १८९७ पर्यंत, म्हणजे आयुष्याची शेवटची चौतीस वर्षे, सावित्रीमाईंनी जे आणखी एक काम केले, ते बहुतेक भाषणांत एका वाक्यात उरकले जाते. ते काम म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांचा सांभाळ. नको असलेली, टाकून दिली जाणारी, उपाशी आणि आजारी मुले त्यांनी उचलून घेतली, वाढवली, आणि शेवटी अशाच एका मुलाला पाठीवर घेऊन चालताना मृत्यूला जवळ केले.

आज आपल्या समाजातील कितीतरी आया-बहिणी अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस आहेत. कोणी पाळणाघर चालवते, कोणी वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत मुलांवर लक्ष ठेवते, कोणी शहरातल्या घरांत दिवसभर बाळ सांभाळते. त्यांच्या कामाला पगार कमी, मान त्याहून कमी. आपल्या या कामाचा इतिहास किती मोठा आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून सावित्रीमाईंचे चरित्र या बाजूने पुन्हा वाचू या.

सांभाळणाऱ्या बाईच्या हाताखाली

सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. सातारा जिल्ह्यातील नायगाव हे त्यांचे गाव. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० मध्ये त्यांचे लग्न जोतीराव फुले यांच्याशी झाले. सावित्रीमाई नऊ वर्षांच्या, जोतीराव तेरा वर्षांचे.

पुण्यातल्या त्या सासरी सासू नव्हती. जोतीराव वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा त्यांची आई चिमणाबाई वारली होती. त्यांना वाढवले ते सगुणाबाई क्षीरसागर यांनी. सगुणाबाई नात्याने जोतीरावांची मावसबहीण, स्वतः बालविधवा. त्या एका इंग्रज मिशनऱ्याकडे मुले सांभाळण्याचे काम करत. आजच्या भाषेत त्या दाई होत्या, आया होत्या. त्या घरात राहून त्यांनी दोन गोष्टी जाणल्या. अनाथ मूलही नीट वाढवता येते आणि शिक्षणाने माणूस बदलतो. जोतीरावांच्या शिक्षणाचा आग्रह त्यांनी धरला. पुढे सावित्रीमाई शिकायला बसल्या तेव्हा सगुणाबाईही त्यांच्या शेजारी बसल्या.

फुले दांपत्याच्या कामाचा उगम आपण पुस्तकांत शोधतो. तो एका मुले सांभाळणाऱ्या बाईच्या हातातही आहे. महाराष्ट्राच्या सामाजिक क्रांतीत एका आयेचा असा वाटा आहे, ही गोष्ट आज पाळणाघरात काम करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असायला हवी.

आधी प्रशिक्षण, मग शाळा

सावित्रीमाईंना अक्षरओळख जोतीरावांनी करून दिली. पुढच्या अभ्यासाला सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर या जोतीरावांच्या मित्रांनी मदत केली. पण घरी वाचायला-लिहायला शिकलो म्हणजे दुसऱ्याला शिकवता येते, असे सावित्रीमाईंनी मानले नाही. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले. ज्या काळात बाईने पाटी हातात धरली तर घरावर संकट येते अशी समजूत होती, त्या काळात एक शूद्र समाजातली मुलगी प्रशिक्षित शिक्षिका झाली.

१८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षी सासरे गोविंदराव यांच्यावर समाजाचा दबाव आला आणि दोघांना घर सोडावे लागले. ३ जुलै १८५१ ला अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा निघाली. पहिल्या दिवशी आठ मुली होत्या, काही दिवसांत त्यांची संख्या अठ्ठेचाळीस झाली. त्याच वर्षी रास्ता पेठेत आणि १८५२ मध्ये वेताळ पेठेत शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या. त्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी १८५५ मध्ये आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो ज्ञानोदयमध्ये छापून येतो, यावरून तिथे कसले शिक्षण मिळत होते ते कळते. त्या मुलीला कोणीतरी धीर दिला होता, तिचे ऐकून घेतले होते. ज्या मुलाचे कोणी ऐकून घेत नाही, ते मूल असे लिहीत नाही.

या कामात सावित्रीमाई एकट्या नव्हत्या. १० ऑक्टोबर १८५६ ला नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या आजारातून उठत असल्याचे कळवतात आणि आपण नसल्यामुळे फातिमाला किती त्रास पडत असेल याची काळजी करतात. ती तक्रार करणार नाही, असेही त्या लिहितात. सोबतीण मुकाट्याने ओझे वाहत असेल तर ते आपण ओळखले पाहिजे, एवढी समज त्या पत्रात आहे. मुलांचे काम करणाऱ्या कोणत्याही संस्थेत ही समज आधी हवी. एकीच्या आजारपणात दुसरीच्या अंगावर तीस-चाळीस मुले पडतात, तेव्हाच दार उघडे राहते, चुलीजवळ पोर जाते आणि अपघात होतो.

१८६३ : विहिरीत सापडलेले बाळ

सदाशिव बल्लाळ गोवंडे हे जोतीरावांचे जिवलग मित्र. त्यांच्या घरी काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवले आणि ती गरोदर राहिली. गर्भ पाडण्याचे उपाय करून झाले, ते फसले. दिवस भरल्यावर मुलगा झाला. विधवेला मूल झाल्याचे कळले तर समाज जगू देणार नाही, या भीतीने तिने त्या बाळाला मारले आणि घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी प्रेत सापडले. खटला चालला आणि काशीबाईला जन्मठेपेची, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्री मोकळा राहिला.

त्या वेळी पुण्यात अशी ही एकच घटना नव्हती. आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने व्हायची, नवरा मरायचा, आणि पुढचे सारे आयुष्य केस कापून अंधाऱ्या खोलीत काढायचे. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा कागदावर होता. घरातल्याच किंवा शेजारच्या पुरुषाने हात टाकला की शिक्षा फक्त त्या बाईला आणि तिच्या पोटातल्या जिवाला. बाळाला मारणारा हात आईचा होता, पण तिच्याकडून तो गुन्हा करवून घेणारी रूढी होती. कायद्याला तो हात दिसला. फुले दांपत्याला रूढीही दिसली.

खटला संपताच त्यांनी स्वतःच्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्याची छापील पत्रके चिकटवली. विधवेने इथे यावे, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे किंवा इथेच ठेवून जावे, असा त्या पत्रकांचा आशय होता. तिथेच ठेवलेल्या मुलाचा सांभाळ हे गृह करणार होते.

ज्या समाजाने सावित्रीमाईंवर शेण फेकले, त्याच समाजातल्या बायकांसाठी त्यांनी आपले दार उघडले. हिशेब चुकता करण्याची संधी होती, तिथे त्यांनी पाळणा बांधला. करुणा हा शब्द आपण रोज उच्चारतो. त्याचा अर्थ समजून घ्यायचा असेल तर ते दार आठवावे.

त्या पत्रकाची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. येणारीचे नाव बाहेर जाणार नाही, हे आधी सांगितले होते. बाळंतपण सुरक्षित होईल, हे सांगितले होते. आणि मुलाचे काय करायचे याचा निर्णय आईवर सोडला होता. तिला उपदेश नाही, तिच्याकडून कबुलीजबाब नाही. संकटात सापडलेली बाई तिथेच येते जिथे तिचा न्यायनिवाडा होणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. बाळ वाचवायचे तर आधी आईची भीती घालवावी लागते. बालसुरक्षेचा हा पहिला धडा आहे आणि तो १८६३ चा आहे.

पस्तीस आणि पाच

या गृहाबद्दल एक आकडा आहे. तो फारसा सांगितला जात नाही, कारण तो ऐकायला बरा वाटत नाही.

४ डिसेंबर १८८४ रोजी जोतीरावांनी मलबारी यांच्या बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य या विषयावरील टिपणांवर आपले मत लिहून दिले. त्यात त्यांनी गृहाचा हिशेब मांडला. तोवर पस्तीस गरोदर विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यांच्या बाळांपैकी पाच जिवंत होती. तीस दगावली होती. कारणही त्यांनी दिले. गर्भ लपवण्यासाठी त्या बायांनी आधीच जी विषारी औषधे घेतली असणार, त्यांनी पोटातल्या बाळांना इजा झाली होती.

वीस वर्षांच्या कामानंतर पस्तिसातली तीस बाळे गेली, हे सरकारपुढे लेखी मांडायला छाती लागते. दुसरा कोणी असता तर त्याने पस्तीस बायांना आधार दिला एवढेच लिहिले असते आणि तेही खरेच ठरले असते. पण मृत्यूचा आकडा लपवला असता तर कारणही लपले असते. बाळे गृहात आल्यावर मरत नव्हती, गृहात येण्यापूर्वीच त्यांच्यावर विषप्रयोग झालेला असे, ही गोष्ट त्या आकड्यानेच सिद्ध केली. दोष पाळण्यात नव्हता, बाहेरच्या समाजात होता. आकडा खरा सांगितला म्हणून रोग दिसला.

त्या तीस बाळांपाशी रात्री कोण बसले असेल, याचा विचार करावा. लिहिणारे जोतीराव होते, पण बाळंतिणीचे अंथरूण, गरम पाणी, दुधाचा बोंडला आणि थंड पडत जाणारे अंग हे सगळे सावित्रीमाईंच्या हातातले होते. स्वतःला मूल नाही, आणि हातात आलेली बाळे एकामागून एक जात आहेत. तरीही छत्तिसाव्या बाईसाठी दार उघडेच राहिले.

आज मुलांचे वजन, उंची, हजेरी, आहार यांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येकीला ही गोष्ट लागू आहे. वरून दबाव येतो, आकडे चांगले दिसले पाहिजेत असे सुचवले जाते, आणि कुपोषित मूल कागदावर धडधाकट होते. ज्या मुलाचे वजन कागदावर वाढवले, त्याचा आहार मात्र वाढत नाही. नोंद खोटी झाली की मदत थांबते. खरी नोंद हा मुलाचा हक्क आहे.

सारजाच्या पोटातले मूल

२९ ऑगस्ट १८६८ ला सावित्रीमाईंनी नायगावहून जोतीरावांना आणखी एक पत्र लिहिले. आपल्या वाचकांनी हे पत्र विशेष लक्षात ठेवावे. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पूजा सांगत, पंचांग सांगत फिरत असे. गावातल्या सारजा या महार मुलीशी त्याचे प्रेम जमले. ती सहा महिन्यांची गरोदर होती. गावाला हे कळले. लोकांनी दोघांना पकडले, मारत मारत गावातून फिरवले आणि जिवे मारायला निघाले.

सावित्रीमाई धावत तिथे गेल्या. खून केला तर इंग्रज सरकारच्या कायद्याने काय परिणाम होतील, ते त्यांनी जमावाला बजावले. जमाव थबकला. दोघांनी गाव सोडावे यावर तो मिटला आणि सावित्रीमाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिले.

जमावापुढे एकटी बाई काय करू शकते, असे आपण म्हणतो. सावित्रीमाईंकडे त्या क्षणी दोन गोष्टी होत्या. एक, आपण जागेवरून हलायचे नाही ही तयारी. दुसरी, कायद्याची माहिती. नुसती कळकळ असती तर लोकांनी त्यांना बाजूला सारले असते. आज जातीबाहेर लग्न केले म्हणून जीव घेतले जातात, तेव्हा सारजाची आठवण येते. तिच्या पोटातले सहा महिन्यांचे मूल जातीच्या रागातून वाचले, कारण एका बाईला कायदा माहीत होता आणि तो उच्चारण्याचे धैर्य होते.

यशवंत : दिलेला शब्द शेवटपर्यंत

१८७४ मध्ये गृहात आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. अनाथ मूल सांभाळणे वेगळे आणि त्याला आपले नाव, घर आणि वारसा देणे वेगळे. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात यशवंतला वारस ठरवले आणि जन्मल्यापासून सावित्रीमाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वाढवले, हे नोंदवले. त्याला शिकवून डॉक्टर केले.

विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला मुलगी द्यायला कोण तयार होणार, हा प्रश्न होताच. सत्यशोधक कार्यकर्ते ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांनी आपली मुलगी राधा दिली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने हे लग्न झाले. लग्नाआधी राधाला घरी आणून ठेवले होते, दोघांची ओळख व्हावी आणि तिचे शिक्षण पुढे जावे म्हणून.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद काढला. दत्तक मुलाचा हक्क त्यांना मान्य नव्हता. तेव्हा सावित्रीमाई पुढे झाल्या, टिटवे स्वतः हाती धरले आणि पतीच्या चितेला अग्नी दिला. या प्रसंगाकडे आपण स्त्रीच्या हक्काचा प्रसंग म्हणून पाहतो. तो एका आईचाही आहे. ज्याला मूल मानले, त्याला चारचौघांत कोणी परके म्हणू नये म्हणून ती उभी राहिली.

दुष्काळातली मुले

१८७६-७७ चा दुष्काळ हा त्या शतकातला एक भयंकर दुष्काळ. माणसे गाव सोडून चालू लागली, जनावरे वाटेत पडली, आई-बापांनी मुले मागे टाकली. सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढला. शेकडो मुलांना तिथे रोज जेवण मिळू लागले. जोतीरावांनी १७ मे १८७७ रोजी लोकांना मदतीचे आवाहन केले. या कामामागे सावित्रीमाई आणि त्यांच्या सोबतिणी होत्या. भाकरी थापणे, वाढणे, आजारी मूल वेगळे ठेवणे, चुकलेल्या मुलाला धीर देणे ही कामे आवाहनात दिसत नाहीत.

२० एप्रिल १८७७ ला त्यांनी जुन्नर भागातल्या ओतूरहून पत्र लिहिले. दुष्काळाचे वर्णन त्यात आहे, सावकारांच्या नीचपणाचा संताप आहे. पोलिसांनी सत्यशोधक कार्यकर्त्यांना पकडले होते. कलेक्टरने सावित्रीमाईंना बोलावले. आमची माणसे चांगल्या कामात आहेत, त्यांच्यावर खोटा आळ का, असे त्यांनी त्याला विचारले. कलेक्टरने कार्यकर्त्यांना सोडले आणि पुढे चार गाड्या ज्वारी पाठवली. मुलांच्या ताटात भाकरी पोचवायची असेल तर कधी कलेक्टरच्या टेबलापर्यंत जावे लागते. चूल सांभाळणारी बाई तिथे जाऊन बोलू शकते, हे त्यांनी दाखवले.

पाठीवरचे शेवटचे मूल

१८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. सावित्रीमाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. यशवंत सैन्यात डॉक्टर होते, त्यांना बोलावून घेतले. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना सुरू झाला. सरकारी तपासणीच्या धाकाने लोक रोगी लपवत होते. शेजारी शेजाऱ्याला शिवत नव्हता. अस्पृश्य वस्तीतल्या रोग्याला कोण हात लावणार?

मुंढव्याच्या गावाबाहेरच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड याच्या मुलाला प्लेग झाल्याचे सावित्रीमाईंना कळले. त्या तिथे गेल्या, त्या मुलाला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात पोचवले. त्याच सेवेत त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

ज्या मुलाची सावलीही लोक टाळत होते, त्याचा तापलेला देह त्यांनी आपल्या पाठीला लावून नेला. आपल्या समाजावर हे ऋण आहे. बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले यांना गुरू मानले. त्या तिसऱ्या गुरूच्या घरातली ही माउली महारवाड्यातल्या मुलाला वाचवायला गेली आणि परत आली नाही.

आज हे चरित्र कशासाठी

२०२५ मध्ये केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास क्षेत्रातील राष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. हे योग्यच झाले. पण नाव दिले की जबाबदारीही येते.

पहिली जबाबदारी सुरक्षिततेची. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यावर पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. संस्थेची बदनामी होईल, वरिष्ठ रागावतील, आरोपी आपल्याच नात्यातला किंवा समाजातला आहे, यातले कोणतेही कारण चालत नाही. १०९८ हा क्रमांक प्रत्येक अंगणवाडीच्या आणि पाळणाघराच्या भिंतीवर असला पाहिजे, आणि तो कशासाठी आहे हे मुलांनाही सांगितलेले असले पाहिजे. सावित्रीमाईंनी सारजासाठी कायद्याचा आधार घेतला. आपल्याकडे आज त्याहून कितीतरी भक्कम कायदा आहे.

दुसरी जबाबदारी सचोटीची. यात नोंदी आल्या, मुलांच्या वाट्याचा शिधा आला, आणि जातही आली. अमुक जातीच्या बाईने शिजवलेले खाणार नाही, अमुक मुलाने वेगळे बसावे, असे प्रकार आजही कानावर येतात. मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीने हे एकदा खपवून घेतले की त्या खोलीतली सगळी मुले जात शिकतात. गृहात ब्राह्मण विधवेचे बाळ आणि दवाखान्यात महाराचे पोर, दोघांना एकाच हाताने उचलणारी बाई आपल्यापुढे आहे.

तिसरी जबाबदारी शिकत राहण्याची, आणि ती एकट्या सेविकेवर टाकता येत नाही. सावित्रीमाईंना नॉर्मल स्कूल मिळाले. आजच्या सेविकेला वर्षातून काही दिवसांची घाईची शिबिरे आणि मोबाइलवर भरायची माहिती मिळते. बाळाचा श्वास अडकला तर काय करायचे, ताप मेंदूत जाण्याआधी काय ओळखायचे, अत्याचार झालेले मूल कसे वागते, बोलायला उशीर होणाऱ्या मुलाला कुठे पाठवायचे, हे शिकवणारे सलग प्रशिक्षण हवे. पाळणाघरे चालवणाऱ्या आणि घरोघर बाळ सांभाळणाऱ्या बायांना तर तेवढेही मिळत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले, पण त्यात काम करणारी बाई प्रशिक्षित आहे का, हे कोण विचारते?

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सावित्रीमाईंनी शाळेत बिनपगारी काम केले, हे १८५१-५२ च्या अहवालात नोंदलेले आहे. त्यांचा तो त्याग होता आणि तो त्यांनी स्वतः निवडला होता. त्याचा दाखला देऊन आजच्या अंगणवाडी सेविकेला मानधनावर राबवणे हा त्या त्यागाचा अपमान आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून सेविकेच्या मोबदल्याला पगार म्हणण्याचे टाळले गेले आहे. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे ठरायला २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा मुलांची काळजी नाही का, असे त्यांनाच विचारले गेले. ज्या बाईच्या स्वतःच्या मुलाच्या दुधाची भ्रांत आहे, तिच्याकडून चाळीस मुलांच्या सुरक्षिततेची हमी मागणारी व्यवस्था मुलांची काळजी करत नाही.

येत्या ३ जानेवारीला आणि १० मार्चला आपल्या विहारात सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घालताना वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेला, मदतनिशीला, पाळणाघर चालवणाऱ्या ताईला पुढच्या रांगेत बसवा. त्यांना बोलू द्या. अंगणवाडीत पाणी आहे का, दाराला कडी आहे का, शौचालय मुलांना वापरता येते का, शेवटचे प्रशिक्षण केव्हा झाले, हे त्यांच्याकडून ऐका आणि लिहून घ्या. मग ती यादी घेऊन ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, प्रकल्प कार्यालयात चार जण मिळून जा. ओतूरच्या त्या उन्हाळ्यात सावित्रीमाईंनी कलेक्टरला प्रश्न विचारला होता. त्यांच्या लेकींनी आणि लेकांनी तेवढे केले तरी त्यांना खरे अभिवादन केल्यासारखे होईल.